खाटेवरचे अंतराळवीर

माणूस चंद्रावर उतरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लोणावळ्यातल्या एका बंगल्यात तीन आठवडे पाठीवर पडून होतो. आजारी नव्हतो. उलट माझ्याइतका धडधाकट माणूस अख्ख्या वडगावात नाही, असं मला स्वतःला तरी वाटायचं. मी तिथल्या शाळेत व्यायामशिक्षक होतो. सकाळी शेजारच्या कान्हे गावापर्यंत पळत जायचं, परत यायचं, अंघोळ करायची आणि मग शिट्टी गळ्यात अडकवून शाळेत. पायांचा मला फार अभिमान होता.

त्या पायांमुळेच मी डॉक्टरांच्या नजरेत आलो. ते हवाई दलातून निवृत्त होऊन लोणावळ्यात राहायला आले होते. आमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धांना त्यांना बक्षिसं द्यायला बोलावलं होतं. समारंभ संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सुट्टीत काय करता, असं विचारलं. खास काही नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग माझ्याकडे येऊन झोपाल का?"

मला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण त्यांना थट्टा जमत नसे. शाळेच्या पायरीवर बसूनच त्यांनी सगळं समजावलं. आकाशात गेलेल्या माणसाला वजन राहत नाही. आपण इथे नुसते उभे राहिलो तरी रक्त खाली पायांकडे ओढलं जातं आणि हृदय ते वर ढकलत राहतं. हाडं, पोटऱ्या, कंबर, सगळी दिवसभर आपला भार पेलत असतात. वर गेल्यावर ही मेहनतच उरत नाही. मग शरीर आळसावतं, आणि खाली उतरलेल्या माणसाला धड उभंही राहता येत नाही. हे जमिनीवर तपासायचं तर माणसाला वजनातून सोडवता येत नाही, पण आडवं करून ठेवता येतं. बराच काळ सपाट पडलेल्या माणसाच्या शरीरात पुष्कळसं तेच घडतं.

परदेशात या माणसांना कसं तयार करतात, तेही त्यांनी सांगितलं. लांब लोखंडी हाताच्या टोकाला बसवून गरगर फिरवतात, इतकं की गाल कानांकडे ओढले जातात. आवाज न पोचणाऱ्या खोलीत एकटं कोंडतात. पाण्याच्या खोल टाकीत पोशाखासकट उतरवून पाने-पक्कड चालवायला शिकवतात. विमान वर चढवून असं खाली सोडतात की आतली माणसं काही क्षण तरंगतात. "आपल्याकडे यातलं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे खाट आहे."

त्यांच्या ओळखीचे काही शास्त्रज्ञ या विषयावर काम करत होते आणि त्यांना आपल्या माणसांवरची निरीक्षणं हवी होती, एवढं मला कळलं. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर पडून राहण्यात कसली आलीय मर्दुमकी, असंच मला वाटलं होतं.

डॉक्टरांचा बंगला वलवण धरणाच्या बाजूला होता. मागच्या खोलीत दोन खाटा, मध्ये एक स्टूल, भिंतीला टेकवून ठेवलेली एक लांबरुंद फळी. फळीला पट्टे होते आणि ती मधोमध एका आडव्या दांड्यावर फिरायची. दुसऱ्या खाटेवर भाऊ होता. त्याला सगळेच भाऊ म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. तिशी ओलांडलेला, सडपातळ, राजमाचीच्या वाटेवरच्या एका वाडीतला. डोंगरउतारावर नाचणी-वरई आणि खाचरात थोडा भात करायचा आणि उरलेल्या दिवसांत लाकडाच्या मोळ्या लोणावळ्यात आणून विकायचा. या बंगल्याच्या स्वयंपाकघरातही त्याचंच सरपण येई. हिवाळ्यात डॉक्टरांनी आधीच्या दोघांना असंच झोपवलं होतं, ते त्याने सरपण टाकताना खिडकीतून पाहिलं होतं. मग एक दिवस त्याने स्वतःहून येऊन विचारलं, पुढच्या बारीला मला घेता का? चढउताराची सवय असलेला माणूस मिळाला म्हणून डॉक्टर खूश झाले.

नियम सोपे होते आणि पाळायला भयंकर. उशी नाही. उठून बसायचं नाही, जेवतानाही नाही. कुशीवर वळून खायचं, नळीने पाणी प्यायचं, बाकीचं सगळंही तिथेच. तळेगावहून रोज गाडीने एक सिस्टर यायच्या. नाडी बघायच्या, रक्तदाब घ्यायच्या, टेपने पोटऱ्या मोजायच्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. आम्हाला भांडं द्यायची लाज वाटते हे ओळखून त्या खिडकीबाहेर बघत कुठल्यातरी भाजीच्या भावाबद्दल बोलत राहायच्या.

पहिल्या दिवशी नाक चोंदलं. दुसऱ्या दिवशी भाऊने माझ्याकडे बघून सांगितलं, "मास्तर, तुमचं त्वांड फुगलंय." त्याचंही फुगलं होतं. पायांकडचं रक्त वर चढलं की असंच होतं, असं डॉक्टर म्हणाले आणि समाधानाने लिहून घेऊ लागले. मग पाठ दुखायला लागली. ती कसरतीनंतर दुखते तशी नव्हे. आतून कुणीतरी मणका मणका सुटा करतंय, असं वाटायचं. खिडकीतून जांभळाचा फक्त शेंडा दिसे. त्यावर कावळा बसला की आम्ही दोघं तो उडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचो.

भाऊ एका बाबतीत विचित्र होता. मी वेळ कसा जाईल याच्या विवंचनेत असायचो आणि तो स्वतःच्या शरीरावर पहारा ठेवल्यासारखा पडलेला असायचा. सिस्टरांना सारखं विचारायचा, आता पायातली ताकद किती गेली असंल? पोटरी मऊ पडली म्हंजी पुन्हा टणक व्हती का? टाचंचं कातडं सोलतंय ते कशानं? सिस्टर ठाऊक असेल तेवढं सांगायच्या. डोंगरातल्या माणसाला या सगळ्याचं नवल वाटत असणार, अशी मी समजूत करून घेतली होती.

माझी आई एकदा भेटायला आली. मी सगळं सांगून आलो होतो, तरी मुलगा खाटेवर आडवा दिसल्यावर तिचा धीर सुटला. तिने पदराने डोळे पुसले आणि डब्यातला मऊ भात स्वतःच्या हाताने भरवला. चंद्रावर जाणारी ही माणसं इथेच निजून काय करणार आहेत, असं तिने सिस्टरांना विचारलं. आम्ही कुठेही जाणार नाही आहोत, हे ऐकल्यावर तिला बरं वाटलं खरं, पण मग हे सगळं कशाला, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर तसाच राहिला. जाताना तिने भाऊच्याही डोक्यावरून हात फिरवला. त्याला भेटायला कोणी आलं नव्हतं. त्याची बहीण फक्त कुणाबरोबर तरी पळसाच्या पानात बांधून करवंदं पाठवायची.

दुसरा आठवडा संपत आला तेव्हा माझा निश्चय डळमळला. दुपारची वेळ होती. अंग आंबलेलं, डोक्यात नुसता कंटाळा. मी भाऊला म्हटलं की डॉक्टर आले की मी त्यांना सांगून टाकणार, मला हे जमत नाही. आपण काही कैदी नाही. उद्या सकाळी मी घरी असेन.

तो कुशीवरून पाठीवर वळला. मग छपराकडेच बघत म्हणाला, "मास्तर, तुमी गेला तर डाक्टर हे समदं बंद करतील का?"

एकाच माणसावर काय प्रयोग करणार, बंदच करतील, मी म्हटलं.

"मग नगा जाऊ. मला उटवत्यात कसं ते बगायचंय."

आणि मग त्याने सांगितलं. त्याची बायको दोन पावसाळ्यांपूर्वी कारवीचा भारा डोक्यावर घेऊन उतरताना घसरली आणि तिची मांडी मोडली. हाडवैद्याने कामट्या बांधल्या. हाड जुळून आलं, असं वैद्य म्हणाला. पण तोवर ती कित्येक महिने पडून होती. मग तिला उभं करायला गेले की ती घामाघूम व्हायची आणि कोसळायची. चार-सहा वेळा असं झालं. वाडीतले म्हणाले, बाहेरचं आहे. भगताकडून उतारा झाला, कोंबडं झालं. भाऊची बहीण सासरहून वहिनीचं करायला येऊन राहिली. तिचं मत होतं, की वहिनी घाबरते, मन घट्ट करत नाही. हळूहळू भाऊलाही तसंच वाटायला लागलं. शेवटी बायकोने उभं राहायचं नावच सोडलं.

हिवाळ्यात खिडकीतून त्याने बघितलं, की इथे धडधाकट माणसांना पाडून ठेवतात आणि मग त्या फळीवरून उभं करतात. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. तीच म्हणाली, तुम्ही जाऊन पडा तिथे, म्हणजे कळेल.

मी विचारलं, हे डॉक्टरांना का नाही सांगितलं?

"ते म्हनले असते, आता काय उपेग न्हाई. मग?" तो म्हणाला. "त्या परीस आदी आपल्या डोळ्यांनी बगावं."

मी घरी गेलो नाही. पाठ दुखतच होती, कंटाळाही तसाच होता, पण त्या दिवसापासून मीही सिस्टरांना प्रश्न विचारू लागलो. भाऊला सुचले नसते ते विचारायचो आणि उत्तर आलं की त्याच्याकडे बघायचो.

उभं करायच्या दिवशी पहिला नंबर माझा होता. मला खाटेवरून सरकवून फळीवर घेतलं, छातीला आणि मांड्यांना पट्टे बांधले. सिस्टरांनी मनगट धरलं. डॉक्टरांनी दांड्यावर फळी हळूहळू फिरवली आणि माझे पाय जमिनीकडे गेले. खोली उभी झाली. क्षणभर मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मग छाती धडधडू लागली, जणू मी कान्ह्याहून पळत आलो होतो. पायांत मुंग्या उसळल्या. पावलं निळसर झालेली दिसली. मी ठीक आहे, असं मी डॉक्टरांना सांगत होतो, निदान मला तसं वाटत होतं. त्यानंतरचं एकदम पुन्हा छप्पर आणि सिस्टरांचा चेहरा. मधलं काहीच मला आठवत नाही. मी बेशुद्ध पडलो होतो. वडगावचा धावणारा मास्तर, नुसतं उभं केल्यावर.

भाऊ माझ्यापेक्षा थोडा जास्त टिकला. त्याच्या कपाळावर घाम फुटलेला मी खाटेवरून बघत होतो. ओठ पांढरे पडले. तो डोळे ताणून समोर बघायचा प्रयत्न करत होता, मग मान कलली. डॉक्टरांनी लगेच फळी आडवी केली. शुद्धीवर आल्यावर त्याने डोळे उघडले आणि तो रडायला लागला. हुंदके देऊन नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी दोन्ही कानांत जात होतं आणि पुसायचं तर त्याचे हात पट्ट्यांखाली अडकलेले होते. सिस्टरांनी पुसलं.

डॉक्टरांनी घाबरून विचारलं, कुठे दुखतंय का?

"ती खोटं न्हवती बोलत," भाऊ म्हणाला. "डोळ्याम्होरं काळं येतं म्हनायची. मी म्हनायचो, भ्या वाटतंय तुला. ती खोटं न्हवती बोलत, डाक्टर."

डॉक्टरांना काही कळेना. मग मीच सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसले. हातातली नोंदींची पाटी त्यांनी जमिनीवर ठेवली. ते सगळ्यांनाच अहोजाहो करत, लाकूडवाल्यालाही. म्हणाले, "तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी तेव्हाच वर तुमच्या वाडीत आलो असतो."

पुढचे काही दिवस आम्हाला पुन्हा चालायला शिकवण्यात गेले. आधी पाय खाटेखाली सोडून बसायचं. मग भिंत धरून उभं राहायचं. बोटांपासून मांडीपर्यंत पट्टी घट्ट गुंडाळली की रक्त खाली साचत नाही आणि भोवळ कमी येते, हे सिस्टरांनी दाखवलं. पडल्यापडल्या पंजे ओढायचे आणि सोडायचे, गुडघा दाबायचा. भाऊ प्रत्येक गोष्ट दोनदा करायचा, एकदा स्वतःसाठी आणि एकदा लक्षात ठेवायला. अंगणात पहिल्यांदा आलो तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून म्हाताऱ्यांसारखे चालत होतो आणि सरपण घेऊन आलेली त्याच्या वाडीतली एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती.

डॉक्टर खरंच वाडीत गेले. आमच्या पायांत जोर येईपर्यंत त्यांनी वाट बघितली आणि मग आम्ही तिघं निघालो. त्यांना ती वाट जड गेली. बुटांत खडे जायचे आणि ते दर वळणावर थांबून धरणाचं पाणी बघितल्याचं सोंग करायचे. भाऊचं घर कुडाचं होतं. आत खाटेवर त्याची बायको पडलेली, अंगाने अगदी काटकुळी, पण डोळे फार जागे. डॉक्टरांनी हाड चाचपलं. जरा वाकडं जुळलं होतं, पण पक्कं होतं. गुडघा आखडलेला होता. ती पुन्हा पहिल्यासारखी ओझी वाहील असं मी सांगत नाही, ते म्हणाले. पण ती पडून राहिल्यामुळे उठू शकत नाही, हे नक्की. यात बाहेरचं काही नाही आणि भित्रेपणाही नाही.

बहीण दाराशी उभी होती. ती म्हणाली, पडून तर सारेच निजतात, मग सारेच का उठत नाहीत? त्यावर भाऊने डॉक्टरांना बोलू दिलं नाही. त्याने तिला आपली पोटरी दाखवली. ती अजून भरली नव्हती. मी किती दिवस पडलो तुला ठाऊक आहे, तो म्हणाला, आणि मला उभं केल्यावर मी मेल्यागत पडलो. हे मास्तर बी पडले. बहीण माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली.

तेवढ्यात खाटेवरून वहिनींनी विचारलं, "काळं आलं का तुमाला बी?"

"आलं," भाऊ म्हणाला.

 त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आम्ही बाहेर अंगणात जाऊन बसलो.

बंगल्यातल्यासारखी फळी तिथे नव्हती. भाऊने गोठ्याचं जुनं दार काढलं. त्यावर गोधडी अंथरून वहिनींना बांधायचं, लुगड्याच्या पट्ट्यांनी, आणि दार घराच्या मेढीला, मधल्या खांबाला टेकवून थोडं उभं करायचं. पहिल्यांदा अगदी थोडं, नुसतं डोकं वर. भोवळ आली की लगेच खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मधल्या वेळात पंजे ओढायचे, पायांना पट्ट्या बांधायच्या. बहिणीने सुरुवातीला हात लावला नाही. पण एका दिवशी भाऊ शेतावर असताना वहिनींनी स्वतःच हाक मारून तिला दार टेकवायला सांगितलं. त्या दिवसापासून दाराचं एक टोक बहिणीच्याच हातात राहिलं.

मी जमेल त्या रविवारी जायचो. पावसात ती वाट निसरडी व्हायची, धुक्यात वाडी सापडायची नाही, कुत्री भुंकली की दिशा कळायची. प्रत्येक वेळी प्रगती दिसायची असंही नाही. श्रावणात त्यांना ताप आला आणि दार पुन्हा आडवं झालं. त्या वेळी भाऊ फार खचला. मला म्हणाला, उगा आशा लावली.  मी त्याच्याबरोबर खाचरात उतरून चिखल तुडवला आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. ताप उतरल्यावर वहिनींनी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला त्या भराभर पुढे गेल्या.

भात कापणीच्या सुमारास एका रविवारी मी पोचलो तर त्या मेढीला धरून उभ्या होत्या. दार नाही, पट्ट्या नाहीत. भाऊ दोन हात पसरून समोर उभा होता, पण हात लावत नव्हता. त्या थरथरत होत्या. मग त्या बसल्या, आणि पुन्हा उठून उभ्या राहिल्या. फक्त मला दाखवायला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या काठी टेकत अंगणातून गोठ्यापर्यंत जाऊ लागल्या, मग पाणवठ्यापर्यंत. एक पाय शेवटपर्यंत ओढायच्या. डोक्यावर भारा पुन्हा घेतला नाही. बहीण आपल्या घरी गेली. निघताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या म्हणे. मी तेव्हा तिथे नव्हतो.

आमच्या नोंदींचं पुढे काय झालं ते मला नीटसं ठाऊक नाही. डॉक्टरांनी त्या व्यवस्थित लिहून पाठवल्या. त्यांचा उपयोग कोणी केला का, आमच्या पोटऱ्यांच्या मापांवरून कुणाला वर काही फायदा झाला का, ते त्यांनाही कधी कळलं नाही. काही वर्षांनी त्यांची तब्येत बिघडली आणि मुलीने त्यांना नागपूरला नेलं. जाण्याआधी त्यांनी आम्हा दोघांना आणि सिस्टरांना जेवायला बोलावलं होतं. भाऊबरोबर वहिनीही घाट उतरून आल्या, अर्ध्या दिवसाची वाट चालून. डॉक्टर त्यांना खुर्ची देत होते आणि त्या बसत नव्हत्या. बसून लय झालं, म्हणाल्या.

जेवणानंतर आम्ही व्हरांड्यात होतो. बोलता बोलता आकाशात जाणाऱ्यांचा विषय निघाला. त्या सुमारास परदेशी माणसं वर महिना-महिना राहून येत होती. वहिनींनी ऐकून घेतलं आणि मग डॉक्टरांना विचारलं, "ती मान्सं खाली आल्यावर त्यास्नी कोन धरतं?"

डॉक्टर म्हणाले, माणसं तयार असतात. दार उघडलं की आत जाऊन त्यांना उचलून बाहेर काढतात, काही वेळा खुर्चीवरून नेतात. मग कित्येक दिवस डॉक्टर आणि सिस्टर त्यांच्याजवळ असतात.

"मग बरं हाय," वहिनी म्हणाल्या, आणि ताटं आवरायला सिस्टरांच्या मागोमाग आत गेल्या.